फक्त जाड लोकांसाठीची जिम: भावाला पाठवू का नको?

चिंचवडची_ताई (प्रश्न)

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे, आयटीत आहे, वजन १३१ किलो. कॉलेजपर्यंत भरपूर क्रिकेट खेळायचा, मग लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं आणि वजन वाढतच गेलं, त्यात थायरॉईड निघालं. गेल्या वर्षी घराजवळच्या मोठ्या जिममध्ये वर्षाची फी भरली आणि थोड्याच दिवसात जाणं बंद. का सोडलं विचारलं की गप्प बसायचा, नंतर हळूहळू बोलला. पहिल्याच दिवशी ट्रेनरने काट्यावर उभं केलं आणि आकडा पार दारापर्यंत ऐकू जाईल असा वाचला, मागे दोन पोरं आरशातून बघून हसली, आणि एकदा कोणीतरी मोबाईल वर धरला तर याला वाटलं आपलाच व्हिडिओ काढतायत. काढत होता की नव्हता देव जाणे पण त्यानंतर तो गेलाच नाही.

आता आमच्या भागात एका मॅडमनी छोटा स्टुडिओ काढलाय, फक्त ज्यांचं वजन खूप जास्त आहे अशांसाठी, बॅचला आठ-दहाच जण. भाऊ स्वतःहून म्हणाला की मला बघून यायचंय. पण आई म्हणते लोक काय म्हणतील, उद्या लग्नाचं बघताना कोणीतरी सांगणार की मुलगा जाड्यांच्या जिमला जातो. आणि बाबा म्हणतात चार लोकांत राहूनच माणूस तयार होतो, वेगळं बसवलं की आपण वेगळेच आहोत हे डोक्यात पक्कं होतं. मला बाबांचं अगदीच चूक वाटत नाही. अशी वेगळी जिम असणं चांगलं का? कोणी गेलंय का?

वरणभात_तूप

पाठवा बिनधास्त. लेडीज बॅचला कोणी नावं ठेवतं का? दुसऱ्या बाळंतपणानंतर मी दुपारच्या लेडीज बॅचला गेले म्हणूनच टिकले, सकाळच्या गर्दीत टीशर्ट वर सरकला तर खाली ओढण्यातच निम्मा वेळ जायचा. बायकांना वेगळी बॅच लागते हे सगळ्यांना पटतं मग जाड माणसाला का नको? आणि मुलगा स्वतःहून जातो म्हणतोय ना, मग घरच्यांनी मध्ये पडूच नये.

फिजिओ_नाशिक

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे पेशंट रोज बघतो म्हणून सविस्तर लिहितो. लाजेचा मुद्दा खरा आहेच पण त्याच्याआधी मशीनचा मुद्दा येतो, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. सोसायटीच्या जिममध्ये जी ट्रेडमिल असते ती बऱ्याचदा घरगुती वापराची असते, तिची वजनाची मर्यादा १०० ते १२० किलो, स्टिकरवर लिहिलेलं असतं पण वाचतं कोण. मोठ्या जिममधली कमर्शियल मशीन साधारण १५० किंवा त्याहून जास्त घेतात. म्हणजे तुमच्या भावाला चुकीच्या ट्रेडमिलवर चढवलं तर ते नुसतं लाजिरवाणं नाही, धोक्याचं आहे. बेंच अरुंद असतो, पाठ टेकली की दोन्ही खांदे हवेत. लेग प्रेसला (पायांनी वजन ढकलायचं मशीन) पाठ मागे टेकून गुडघे छातीकडे आणायचे असतात, पोट मोठं असेल तर गुडघे तिथवर येतच नाहीत, आणि ट्रेनर ओरडतो "अजून खाली, अजून खाली". त्या माणसाला वाटतं माझ्यातच दोष आहे. खरंतर सीट एक खाच मागे घेतली असती तर काम झालं असतं.

दुसरं म्हणजे गुडघे. वजन जास्त असलेल्या, गुडघ्यांची झीज झालेल्या लोकांवर अमेरिकेत अभ्यास झाला होता, २००५ साली प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोने कमी होतो. हेच उलटं धरा म्हणजे १३१ किलोच्या मुलाला पहिल्याच आठवड्यात बर्पी आणि जंपिंग जॅक असे उड्यांचे व्यायाम करायला लावणं किती वाईट आहे ते कळेल. सुरुवात खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात लावून पुशअप, पाठ टेकायची सायकल असते ती, पाण्यात चालणं जमलं तर फारच छान. जमिनीवरचे व्यायाम नंतर, कारण खाली बसून परत उठणं हाच अनेकांना मोठा व्यायाम असतो आणि तो सगळ्यांसमोर करायचा म्हणजे घाम फुटतो.

त्या स्टुडिओत गेलात की एवढं विचारा: मशीन किती किलोपर्यंतची आहेत, ट्रेनरने गुडघेदुखी किंवा बीपी असलेल्या लोकांबरोबर काम केलंय का, वजन आडोशाला करतात की सगळ्यांसमोर, आणि बीपी मोजायला मोठा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) आहे का. हे शेवटचं फालतू वाटेल पण जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी खोटं जास्त दाखवतं, आणि मग उगाच गोळ्यांची चर्चा सुरू होते. थायरॉईडची गोळी चालू असेल तर टीएसएच (रक्तातला थायरॉईडचा आकडा) तपासून घ्या, तो नीट नसेल तर थकवा जात नाही आणि पोराला आळशी ठरवलं जातं.

तालमीतला_गडी

मी कोल्हापूरचा. मला हे वेगळं काढणं अजिबात पटत नाही, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आमच्या तालमीत बारीक, जाड, म्हातारे, शाळकरी पोरं सगळे एकाच मातीत. वस्ताद जाड पोराला वेगळ्या बैठका सांगायचे, पण वेगळ्या खोलीत कधी बसवलं नाही. कोणी हसला तर वस्ताद त्यालाच शंभर जोर काढायला लावायचे, विषय संपला. महाराष्ट्र केसरीची किताबी लढत ८६ ते १२५ किलो गटात होते, १२० किलोचा पैलवान कोणाला जाड वाटतो का? वजनावरून माणसाची पारख होत नाही हे आपल्याइतकं कोणाला माहीत असणार.

आणि जास्त वजन ठरवणार कोण? भारतीयांसाठी २००९ साली जे निकष ठरले त्यात बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ च्या वर गेला की जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा. बाहेरच्या देशात २५ आणि ३०. २३ लावला तर माझ्या गल्लीतले निम्मे लोक त्या जिममध्ये जातील. आणि जो मेहनत करून वजन उतरवेल त्याला काय सांगणार, तू आता बारीक झालास, चल बाहेर? तिथे मैत्री झालेली असते, सवय लागलेली असते. काकांचं (ताईंच्या वडिलांचं) म्हणणं मला पटतं.

लोकल_प्रवासी

तालमीतला गडी, तुमच्या वस्तादांना नमस्कार, पण असे वस्ताद प्रत्येकाच्या नशिबात नसतात हो. मी कल्याणचा, शाळेत पी.टी.च्या तासाला सर मला "ए डबल डेकर" म्हणायचे आणि पन्नास पोरं हसायची. जोर काढायला कोणाला लावलं नाही. तेव्हापासून मैदानावर जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, आज चाळिशीत पण. लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलो तर समोरचा कसा बघतो ते मला माहितीये. दिवसभर हे सगळीकडे झेलायचं आणि वर पैसे भरून अजून एका जागी झेलायला जायचं का?

बायकांना निदान लेडीज बॅच असते. जाड पुरुषाने कुठे जायचं? आमच्यासाठी सगळ्यांकडे एकच सल्ला, तोंड बंद ठेव आणि चाल. मी पहाटे अंधारात चालायला जातो कारण तेव्हा बागेत कोणी नसतं. असा स्टुडिओ कल्याणला असता तर मी पहिल्या दिवशी रांगेत उभा राहिलो असतो. चार लोकांत राहून माणूस तयार होतो हे खरं आहे, पण ते चार लोक कसे आहेत त्यावर आहे ना सगळं. जिथे आपल्यासारखेच आठ जण घामाघूम होतायत तेही चार लोकच आहेत की.

एडिसनकर

इकडे अमेरिकेत हा प्रयोग आधी झालाय म्हणून लिहिते. २०११ च्या सुमारास शिकागोत डाउनसाईझ फिटनेस नावाची जिम निघाली होती, अट अशी की निदान ५० पाउंड म्हणजे साधारण २३ किलो उतरवायचे असले पाहिजेत तरच प्रवेश. बातम्यांत खूप आलं, तेव्हाही हाच वाद, काहींना मोठा आधार वाटला आणि काहींना भेदभाव.

पण मला त्यापेक्षा प्लॅनेट फिटनेस जास्त शिकण्यासारखं वाटतं. ही चेन सगळ्यांसाठी आहे पण त्यांची जाहिरातच "जजमेंट फ्री झोन" अशी. कोणी वजनं दाणकन आपटली किंवा मोठमोठ्याने हुंकार दिले तर भोंगा वाजतो, लंक अलार्म म्हणतात त्याला. कसलेल्या लोकांना ते आवडत नाही, माझा नवरा तर चिडतो, पण नवीन माणसाला आत पाऊल टाकताना भीती वाटत नाही एवढं नक्की. वेगळी जिम न काढता नियम आणि वातावरण बदलूनही बरंच होतं. त्यांचं महिन्यातून एकदा पिझ्झा वाटणं मात्र मला कधीच पटलं नाही.

जिमवाला_पुणे

दोन शब्द धंद्याच्या बाजूने. मी स्वतः मध्यम जिम चालवतो. खरं सांगायचं तर बऱ्याच जिमचं गणित जानेवारीत वर्षाची फी भरून मार्चपासून न येणाऱ्या लोकांवर चालतं, सगळे मेंबर रोज आले तर उभं राहायला जागा नाही. जाड लोकांच्या जिममध्ये हे गणित उलटं, तिथे माणूस रोज आलाच पाहिजे, एका ट्रेनरकडे चार-पाचच जण हवेत, मशीन मजबूत म्हणजे महाग, आणि जागा मोकळी लागते. पुण्यातलं भाडं धरलं तर फी वाढणारच. म्हणून ताई, एकदम वर्षाची फी भरू नका, महिन्या-महिन्याने द्या. असे छोटे स्टुडिओ मनापासून सुरू होतात पण टिकणं अवघड असतं.

गिऱ्हाईक नाही असं मात्र कोणी म्हणू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांत २४ टक्के आणि पुरुषांत जवळपास २३ टक्के जास्त वजनाचे निघाले, तेही बीएमआय २५ धरून. एवढ्या लोकांसाठी वेगळ्या इमारती कुठून आणणार? मी अशा लोकांसाठी दुपारी २ ते ४ बॅच ठेवली, एरवी जिम रिकामीच असते. पण नोकरीवाले त्या वेळेत येऊ शकत नाहीत ही अडचण राहतेच. ट्रेनर लोकांना मात्र शिकवायला पाहिजे हे शंभर टक्के खरं, आमच्या धंद्यात बऱ्याच पोरांना बायसेप कसा करायचा ते येतं, समोरच्याशी बोलायचं कसं ते कोणी शिकवलेलंच नसतं.

सहजच_आलो

आता कशाला जिमच्या भानगडी, इंजेक्शनं आलीत की. माझ्या मित्राने घेतलं, भराभर उतरतंय वजन.

फिजिओ_नाशिक

@सहजच_आलो, वजन उतरवायच्या इंजेक्शनांपैकी मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोवी जूनमध्ये भारतात आलं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काहींना खरंच उपयोग होतो, मी विरोधात नाही. पण उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. म्हणजे इंजेक्शन घेणाऱ्याला वजनं उचलण्याची गरज उलट जास्त. तुमच्या मित्राला सांगा आठवड्यातून दोन-तीनदा तरी ताकदीचा व्यायाम करायला, प्रथिनं नीट खायला, आणि डॉक्टरांना न विचारता डोस वाढवू नकोस म्हणावं.

@तालमीतला_गडी, वजन उतरलेल्याला बाहेर काढू नये हा तुमचा मुद्दा एकदम बरोबर आहे. ताई, हेही त्या मॅडमना विचारा. मी तर म्हणेन उतरलेल्यांनी तिथेच राहावं, नवीन माणसाला त्यांच्याकडे बघून जितका धीर येतो तितका माझ्या बोलण्याने येत नाही.

तालमीतला_गडी

@लोकल_प्रवासी दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं. त्या सरांनी असं बोलायला नको होतं. माझं मत अजून तेच आहे की सुधारायचं तर सगळ्या जिम सुधारा, पण तोवर तुम्ही अंधारात चालत बसावं असं मी म्हणणार नाही. कल्याण-डोंबिवलीत जुन्या व्यायामशाळा आहेत, तिथल्या जाणत्या माणसाला आधी एकटं भेटून बोला, सगळ्याच ठिकाणी वाईट अनुभव येत नाही.

चिंचवडची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं वाचायला मिळेल वाटलं नव्हतं. लोकल प्रवासींचं पोस्ट आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली जाऊ दे त्याला. बाबांचा विरोध आहे पण तेही बरोबर येतो म्हणाले बघायला. शनिवारी जाणार आहोत, फिजिओंनी सांगितलेले प्रश्न भावाने स्वतःच मोबाईलमध्ये लिहून घेतलेत आणि फी महिन्याचीच भरायची ठरलंय. फक्त एक शेवटचं, चालताना त्याच्या मांड्या घासून सोलवटतात, त्यामुळे दोन दिवस चाललं की तिसऱ्या दिवशी बंद पडतं. त्याला काय करायचं?

फिजिओ_नाशिक

गुडघ्याच्या जरा वर येईल अशी अंगाबरोबर बसणारी सायकलिंग शॉर्ट आतून घालायची, सुती नको, सुती कापड घाम धरून ठेवतं. निघायच्या आधी व्हॅसलिन लावायचं आणि आल्यावर लगेच धुऊन कोरडं करायचं. आत्ता सोलवटलंय ते बरं होईपर्यंत बसून करायचे व्यायाम चालू ठेवा, पूर्ण बंद नको.