१/३५ टी-५५: नळीच्या मधातला डबा, आणि वरचे सुटे भाग घ्यायचे तर कोणते?

कृषीकेंद्रवाला_राळेगाव

नमस्कार मंडळी. राळेगावजवळ आमचं खत-बियाण्याचं दुकान आहे. मॉडेलिंग चालतं ते मागच्या खोलीत, गिऱ्हाईक नसलं की. आजवर जे केलं ते डब्यातून निघालं तसंच जोडलं. या वेळी वरून सुटे भाग घ्यायचा विचार करून राहिलो आहे, म्हणून विचारतो.

किट आणून ठेवलं आहे: टामिया कंपनीचं, १/३५ प्रमाणातलं टी-५५ए रणगाड्याचं. करायचा आहे तो भारतीय, १९७१च्या भारत-पाक युद्धातल्या छांबच्या लढाईतला. कारण आमचे मामाजी. ते रणगाड्यावर ड्रायव्हर होते आणि त्या लढाईत होते. त्यांच्याजवळ एकच फोटो उरला आहे: मामाजी पुढच्या उतारावर बसलेले, मागे बुरूज, आणि डोक्यावरून गेलेली नळी. त्या नळीच्या बरोबर मधात एक गोल डबा आहे. किटमध्ये फक्त तोंडाशी जाड भाग आहे, धूर खेचणारा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर. फोटोत तोही दिसतो आणि मधातला डबाही दिसतो. मामाजींना विचारलं तर म्हणाले, "तो खोटा होता. आत काहीच नोहतं." त्यापुढे काही सांगत नाहीत. बोलण्याच्या बाबतीत ते पहिल्यापासून चिक्कू.

बाजारात या किटसाठी पितळी फोटो-एचचे (पीई, म्हणजे रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याचे) संच आहेत, लेथवर कातलेली धातूची नळी आहे, फ्रिउल कंपनीचे धातूचे ट्रॅक आहेत, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा) आहेत. सगळं घेतलं तर किटच्या दुपटीवर जाते, वरून टपाल आणि कस्टम वेगळं. सोयाबीनचे पैसे आले आहेत, पण घरी अजून सांगितलं नाही. एक, फार तर दोन गोष्टी घेता येतील. कोणत्या घेऊ? आणि तो डबा काय भानगड आहे?

वरुडचा_पुण्यात

दादा, आधी धातूची नळी घ्या, यात विचार करण्यासारखं काही नाही. प्लॅस्टिकच्या नळीची जोडरेघ कितीही घासा, प्रायमर मारला की परत दिसते. कातलेली नळी एकदम गोल, सरळ, तोंडाशी भोक बरोबर. शंभर मिलिमीटरची तोफ म्हणजे १/३५मध्ये भोक जेमतेम २.८६ मिमी. प्लॅस्टिकमध्ये तेवढ्या पातळ कडा येतच नाहीत. नंतर पूर्ण पीई संच. फेंडर, पेट्यांच्या कड्या, दिव्यांच्या जाळ्या सगळं बदला. अर्धवट डिटेलिंग केलं तर न केलेली जागाच जास्त डोळ्यात भरते. डब्याचं मला माहीत नाही.

जुना_ईएमई_चिखली

राळेगावकर भाऊ, तुमचे मामाजी खरं बोलले. तो डबा खोटाच होता.

पाकिस्तानजवळ टी-५९ होते. टी-५९ म्हणजे चीनने बनवलेला टी-५४च. छांबला समोरून तेच आले आणि आपलेही टी-५४, टी-५५. हजार-दीड हजार मीटरवरून, धुळीत, दुर्बिणीतून बुरूज सारखाच, चाकं सारखीच. आपल्याच गोळ्याने आपलाच रणगाडा उडायची भीती. म्हणून आपल्या नळ्यांवर मधोमध पत्र्याचा डबा चढवला. आपल्या दुसऱ्या रणगाड्याच्या, विजयंताच्या, नळीला धूर खेचणारा भाग खरोखरच मधात असतो, त्यामुळे दुरून आपलं सगळं एका घाटाचं दिसायचं. सोव्हिएत किंवा झेक टी-५५साठी काढलेल्या कुठल्याच संचात हा डबा मिळणार नाही. आणि १९७१च्या मॉडेलवर कोणाची नजर पहिल्यांदा जाईल तर ती त्याच्यावरच.

तेव्हा वरुडच्या भाऊंचं ऐकून नळी घेऊ नका. नळीचा मधला भाग डब्याखाली झाकणार, तोंडाचा भाग एक्स्ट्रॅक्टरखाली. उरते ती थोडी जागा पुट्टी आणि हजार नंबरच्या पॉलिश पेपरने निघते, पाण्यात भिजवून घासा. भोक हातड्रिलने मोठं करा, सावकाश. चुकून १०५ मिमीची नळी तर बिलकूल मागवू नका. भारतीय टी-५५ म्हणून बरेच जण ती दाखवतात. मी ईएमईत (लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागात) होतो तेव्हा १०५च्या नळ्या बसत होत्या, पण ती पुढची गोष्ट. १९७१ला शंभरच.

पीईबद्दल हिशेब करून बघा. किटच्या प्लॅस्टिकची जाडी पाऊण-एक मिलिमीटर. पस्तीसने गुणा: एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटर जाड. खऱ्या फेंडरचा पत्रा काही तेवढा नसतो. पितळी पत्रा ०.१ मिमीचा असला तर ते साडेतीन मिलिमीटर, म्हणजे बरोबर. जिथे वस्तू पातळ आहे आणि तिची कड डोळ्यासमोर येते, तिथेच पितळाला अर्थ आहे: पुढचे मडगार्ड, दिव्याची जाळी, इंजिनावरच्या जाळ्या. पेट्यांची झाकणं आणि कड्या पितळाच्या केल्या तर डोळे जातील आणि रंगाखाली फरक दिसणार नाही. मडगार्डचं तर असं की वर्कशॉपला आलेला एकही रणगाडा मी सरळ मडगार्डचा पाहिला नाही. झाडाला, भिंतीला, दुसऱ्या रणगाड्याला घासून ते आधी वाकतात, मग तुटतात. किटचंच प्लॅस्टिक आतल्या बाजूने पात्याने खरवडून कड पातळ करा आणि कोपरा जरासा वाकवा. एक पैसा लागत नाही.

घ्यायची एकच गोष्ट असली तर ट्रॅक. टी-५५ला वर आधाराचे रोलर नाहीत. ट्रॅकची वरची बाजू सरळ मोठ्या चाकांवर लोळते, दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखी. किटचा ट्रॅक अखंड आणि लवचिक, तो ताठ राहतो, चाकांना टेकत नाही, आणि तिथेच रणगाडा खेळण्यातला वाटतो. धातूचा ट्रॅक स्वतःच्या वजनाने लोळतो. एकेक कडी, त्यात तार. भोकं आधी बारीक ड्रिलने साफ करावी लागतात, नाही तर तार अडकते आणि कडी तुटते. त्या वजनाने चाकांचे दांडे वाकू शकतात, म्हणून ते आधी पक्के चिकटवून पूर्ण रात्र वाळू द्या. घेताना ट्रॅकचा प्रकार बघा. या रणगाड्याला दोन तऱ्हेचे ट्रॅक होते, जुना ओएमएसएच आणि नंतरचा आरएमएसएच, आणि त्यांच्या दातेरी चाकाचे दातही वेगळे. सोबत चाक येते का ते विचारूनच पैसे पाठवा.

ट्रॅकचेही पैसे नसले तर किटचाच ट्रॅक घ्या. वरची बाजू प्रत्येक चाकाला सुपरग्लूने टेकवा आणि वाळेपर्यंत स्पंजचे तुकडे कोंबून दाबून ठेवा. नव्वद टक्के काम होते.

आता मामाजींना एक विचारा. टी-५४ आणि टी-५५ला ड्रायव्हरच्या ताब्यात एक मशीनगन असायची, समोरच्या उताराच्या पत्र्यातून फक्त एक बारीक भोक दिसायचं. टी-५५एमधून ती काढून टाकली. तुमचं किट ‘ए’ आहे. त्यांच्याजवळ ती चालवायचं बटण होतं की नव्हतं, त्यावर तुमचं पुढचं काम ठरेल. आणि फोटोत बुरुजावर लोडरच्या (गोळे भरणाऱ्याच्या) झाकणासमोर पालथ्या वाटीएवढा घुमट आहे का बघा. असला तर तो टी-५४, टी-५५ नाही.

झाळवाला_दर्यापूर

मी सोनार होय, रणगाडे हिवाळ्यात करतो. चिखलीच्या काकांनी पितळ कमी घ्या म्हटलं ते पटलं, पण जेवढं घ्यान तेवढं नीट वाकवा.

फोटो-एचचा पत्रा कडक असते. गोल वळवायचा असला तर आधी नरम करा. चिमट्यात धरून ज्योतीच्या वरच्या टोकावर एक क्षण, लालसर झाला की काढला. हा पत्रा कागदावानी पातळ, तुमी ज्योतीत धरून ठेवसान तर वितळून थेंब होईन. काजळी आली तर दाताच्या ब्रशनं धुवा. सरळ घडीचे भाग नरम नका करू, त्यायची कड गोल होते. घडी घालाले दोन स्टीलच्या पट्ट्या पुरतात. तुकडा कापाचा तर काचेवर नाही तर फरशीच्या तुकड्यावर, लाकडावर कापला की वाकतोच.

जिथं लांब जोड आहे तिथं सुपरग्लूवर भरवसा नका ठेवू. पितळ तापते, पसरते, आणि वैशाखात आमच्याइकडे खोलीत चाळीस होते तवा जोड टिचकन सुटते. तिथं बारीक सोल्डर करा, आधी पितळ घासून साफ, मग फ्लक्स. हे प्लॅस्टिकवर बसवाच्या आधी, नाही तर रणगाडाच वितळवसान. आणखी एक, सुपरग्लू हवेतल्या दमटीवर वाळतो. मे महिन्यात हवा कोरडी म्हणून तो लवकर धरत नाही, जरा वाफ सोडा तोंडाची. श्रावणात उलटं, लगेच धरते आणि आजूबाजूला पांढरी बुरशी आल्यावानी दिसते, पंखा लावा.

डेकल लावान तवा पाणी कोणतं घेता? आमचा खारपाणपट्टा, बोअरच्या पाण्यानं डेकलभोवती पांढरा डाग राहतो आणि वार्निश मारल्यावर तो कायमचा. मी बॅटरीत घालाचं पाणी वापरतो. राळेगावचं पाणी कसं ते तुमाले माहीत.

वरुडचा_पुण्यात

काका, डब्याचं पटलं. पण नळी मी माझ्या मॉडेलला तरी घेणारच. ते भोक बघूनच मजा येते.

जुना_ईएमई_चिखली

घ्या ना भाऊ, तुमच्या पैशाला कोण नाही म्हणते. तुमचा सोव्हिएत असेल तर शोभेल.

कृषीकेंद्रवाला_राळेगाव

सगळ्यांना धन्यवाद. मामाजींकडे जाऊन आलो. बटणाचं विचारल्यावर हसले. म्हणाले, "होतं ना. पण नेम कायचा, गन जागेवर पक्की. रणगाडा फिरवा, तवा गोळ्या फिरत." मग तीच गोष्ट धरून तासभर बोलले. एवढं ते कधीच बोलले नव्हते, मामी दारात येऊन उभी राहिली. म्हणजे ‘ए’ नाही. फोटोत घुमटही दिसत नाही, पण बुरुजाचा तो भाग मामाजींच्या डोक्यामागे झाकला आहे. ते स्वतः टी-५५ म्हणतात, तर तेच धरतो. उताराच्या पत्र्यात भोक पाडीन. ‘ए’च्या झाकणांना आतून किरणोत्साराचं अस्तर असल्यामुळे ती जाड दिसतात, तीही घासून कमी करावी लागतील, बरोबर ना?

ट्रॅक घ्यायचं ठरवलं. पीई नाही. इंजिनावरच्या जाळ्यांसाठी दुकानातच माल आहे हे लक्षात आलं: फवारणी पंपाच्या गाळणीची बारीक जाळी. निळ्या-हिरव्या औषधाचा डाग धुऊन निघाला की कात्रीने कापता येते आणि विणकामही प्रमाणात वाटते. तारा गावातल्या मोटर वाइंडिंगवाल्याने दिल्या, हव्या त्या गेजच्या, फुकट. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेचे दिव्याचे गार्ड आणि हातकड्या वळवल्या, मस्त बसल्या. तारेवरचं वार्निश खरवडल्याशिवाय रंग धरत नाही, कोणी करणार असेल तर लक्षात ठेवा. ओढायच्या दोरासाठी त्याहून बारीक तारांना पीळ दिला.

एक अडचण वेगळीच. शेजारी जिनिंग आहे. हंगाम सुरू झाला की हवेत कापसाचे तंतू, ओल्या रंगावर हमखास एक बसतो. पहाटे, यंत्रं सुरू व्हायच्या आत एअरब्रश मारतो. तुमच्याजवळ याच्यावर दुसरा उपाय आहे का?

आणि डब्याचा व्यास किती ठेवू? नळीवर कागदाच्या पट्ट्या सुपरग्लूने गुंडाळून करायचा विचार आहे.

झाळवाला_दर्यापूर

तंतूसाठी: रंग मारला की मॉडेलवर पालथा प्लॅस्टिकचा डबा झाका, आतून ओल्या कपड्यानं पुसलेला. बसलाच तर ओला असताना हात नका लावू. वाळू द्या, मग बारीक पॉलिश पेपर.

जुना_ईएमई_चिखली

झाकणं घासा, बरोबर. बुरुजावर बसणाऱ्या कडेपासून कमी करा, वरची बाजू तशीच राहू द्या.

व्यास फोटोतूनच काढायचा. मोठं चाक ८१० मिलिमीटरचं असते, १/३५मध्ये २३ मिमीपेक्षा जरासं जास्त, पण चाकावरून मोजू नका. चाक कॅमेऱ्याच्या जवळ, नळी रणगाड्याच्या मधात, प्रमाण फसते. त्याच नळीच्या तोंडाचा खरा एक्स्ट्रॅक्टर घ्या, तो किटमध्ये आहे. फोटोत त्याची जाडी मोजा, डब्याची मोजा, आणि त्याच पटीने किटच्या एक्स्ट्रॅक्टरवरून डबा काढा. मात्र नळी कॅमेऱ्याकडे वळलेली असेल तर तोंड जवळ येऊन जाड दिसते, मग डबा आहे त्यापेक्षा बारीक निघेल, तो अंदाजाने वाढवून घ्या. फोटो मोबाइलवर काढून मोठा करून मोजा, मूळ फोटोवर पट्टी ठेवू नका.

कागद चालेल. प्रत्येक पट्टीचा शेवट नळीच्या खालच्या बाजूला येऊ द्या. दोन्ही टोकांना डबा बंद होता की उघडा, हे फोटोत कळत नसेल तर मामाजींना परत विचारा. आता ते बोलायला लागलेच आहेत.