व्यायलेल्या मांजरीचा एक स्तन कडक आणि गरम : पिल्लांना पिऊ द्यावे का?

प्रश्न
आमच्या मांजरीच्या चार पिल्लांचे डोळे अजून उघडलेले नाहीत. कालपासून तिचा मागचा एक स्तन सुजला आहे, तो हाताला कडक आणि गरम लागतो, आणि पिल्लू तिथे तोंड लावू लागले की ती उठून जाते. तिचे खाणेही कमी झाले आहे. हे केवळ दूध साठल्यामुळे असेल की संसर्गामुळे? पिल्लांना तिच्यापासून वेगळे करावे का? वेदनेसाठी थोडे पॅरासिटामॉल चालेल का?

प्रतिसाद १
पॅरासिटामॉल अजिबात देऊ नये. मांजराच्या यकृताला ते निष्प्रभ करता येत नाही, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते, आणि एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते. माणसांची इतर वेदनाशामकेही स्वतःहून देऊ नयेत.

प्रतिसाद २
दूध साठले असेल तर बहुधा एकाहून अधिक स्तन ताठरतात, पण मांजर ताजीतवानी असते, खाते-पिते आणि तिला ताप नसतो. आपल्या वर्णनात एकच स्तन गरम आहे आणि भूक मंदावली आहे, त्यामुळे मला स्तनदाहाची, म्हणजे जिवाणूंच्या संसर्गाची शंका अधिक वाटते. हे जिवाणू बहुतेकदा स्तनाग्रावरच्या ओरखड्यांतून किंवा अस्वच्छ अंथरुणातून आत शिरतात. हलक्या हाताने थेंबभर दूध काढून पाहावे. ते पिवळट, घट्ट, रक्तमिश्रित किंवा पुवासारखे असेल तर शंका बळावते, मात्र दूध स्वच्छ दिसले म्हणून संसर्ग नाही असे मानू नये. गुदद्वारातून घेतलेले तापमान ३९.२ अंश सेल्सियसच्या वर गेले तर तो ताप समजावा. त्वचा जांभळी किंवा काळी पडू लागली असेल, तर ऊतक मरत असल्याचे ते लक्षण आहे आणि तेव्हा सकाळची वाट पाहू नये.

प्रश्नकर्ती
तापमान ४० अंश आले. आम्ही लगेच पशुवैद्यांकडे निघत आहोत. पिल्लांचे काय करावे?

प्रतिसाद ३
ती पिल्लांना पाजते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण प्रतिजैविक दुधातून पिल्लांपर्यंत पोहोचते आणि टेट्रासायक्लिनसारखी औषधे वाढत्या दातांना व हाडांना बाधतात. गळू किंवा काळवंडलेला भाग नसेल आणि आई पाजू देत असेल, तर निरोगी स्तनांवर पिल्ले बहुधा राहू शकतात. बाधित स्तनाचे मात्र डॉक्टरच ठरवतील. कोमट शेकाने दूध मोकळे व्हायला मदत होते, पण जोराने पिळू नये.

पिल्लांचे रोज एकाच वेळी वजन करावे. दररोज साधारण १० ते १५ ग्रॅम वाढ अपेक्षित असते; ती थांबली किंवा पिल्ले सतत रडू लागली, तर मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारे पर्यायी दूध दर दोन-तीन तासांनी पाजावे. गाईचे दूध नको, आणि पिल्लू उताणे धरू नये, अन्यथा दूध फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. पाजण्याआधी पिल्लू उबदार आहे ना, हे मात्र पाहावे, कारण गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही.