दिवसभर घरी राहणाऱ्या माणसाला नेरूळ, बेलापूर, उलव्याची शांतता मानवते का?

गिरगावची लेक

नमस्कार. आमची गिरगावातील चाळ पुनर्विकासासाठी दोन महिन्यांत रिकामी करावयाची असून नवी इमारत उभी राहीपर्यंत आई आणि मी, अशा आम्हा दोघींना दुसरीकडे भाड्याने राहावे लागणार आहे. माझे कार्यालय सीएसएमटी रेल्वे स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर आहे, त्यामुळे नवी मुंबईतील नेरूळ, बेलापूर आणि उलवे अशी तीन ठिकाणे मनात आहेत. या भागांविषयी ज्याला विचारावे तो ‘शांत आहे’ एवढेच सांगतो. मी सकाळी सातला घर सोडेन आणि रात्री आठपर्यंत परतेन. म्हणजे रविवार सोडला तर ती शांतता माझ्या वाट्याला येणारच नाही, ती आईच्या वाट्याला येईल. आई ७३ वर्षांची आहे. तिचे सारे आयुष्य चाळीच्या गॅलरीत गेले. तिथे डाळ निवडतानाही शेजारणीशी बोलणे चालू असते आणि कोणाकडे पाहुणे आले आहेत हे दाराबाहेरच्या चपलांवरून कळते. अशा माणसाला दिवसभर रिकाम्या होणाऱ्या वसाहतीत करमते का, हे तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगावे, ही विनंती.

बेलापूरकर

ताई, मी १९९४ पासून बेलापूरला राहतो. शांतता कोणाच्या वाट्याला येणार, हा प्रश्न घर पाहायला येणाऱ्यांपैकी फार थोडे लोक विचारतात. बहुतेक जण रविवारी येतात. त्या दिवशी खाली मुले क्रिकेट खेळत असतात, गाड्या धुतल्या जात असतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की वसाहत अशीच भरलेली असते. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते साडेआठ जिन्यात पावलांचा आवाज थांबत नाही. मग घंटागाडी येऊन जाते, धुणीभांडी करणाऱ्या मावश्या येऊन जातात आणि अकराच्या सुमारास सारे स्तब्ध होते. आमच्या विंगमध्ये वीस घरे आहेत. दुपारी त्यांतल्या चार-पाच दारांमागेच माणूस असते. वरच्या मजल्यावरील घड्याळाचे टोल मला रजेच्या दिवशी घरात बसून मोजता येतात. संध्याकाळी सातनंतर माणसे परततात, पण ती दमलेली असतात आणि दारे लगेच लागतात.

नवी मुंबई हे शहर केवळ झोपायला येण्यासाठी आखलेले नव्हते, याची मला आजही हळहळ वाटते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात या शहराची कल्पना मांडली, तेव्हा कचेऱ्या आणि कामधंदेही खाडीपलीकडे यावेत असा त्यांचा आग्रह होता. १९७० मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले, पुढे घाऊक बाजार वाशीला आले, बेलापूरला सरकारी कचेऱ्यांचे कोकण भवन उभे राहिले. मंत्रालय मात्र नरिमन पॉइंटलाच राहिले. १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल आली आणि नोकरी मुंबईत, घर इकडे, अशी हजारो कुटुंबांची घडी बसून गेली. आपण ज्या दुपारविषयी विचारता आहात, ती त्या घडीतूनच आली आहे.

आता घरातली गोष्ट सांगतो. माझे वडील दादरहून आमच्याकडे आले, तेव्हा पहिले सहा महिने मी दारातून आत पाऊल टाकताच ते बोलू लागत, कारण दिवसभराचे बोलणे साठलेले असे. मी दमलेला असे आणि ‘उद्या बोलू’ म्हणून हातपाय धुवायला जाई. ते आठवले की आजही जिवाला लागते. आपण प्रवासाचा हिशेब कराल तेव्हा हेही त्यात धरा. हार्बर या आमच्या लोकल मार्गावर जलद गाडी नाही. बेलापूर ते सीएसएमटी तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि तेवढे उभे राहून आलेल्या माणसाकडे ऐकण्याची ताकद फारशी उरत नाही.

बेलापूरला यायचे ठरलेच, तर सेक्टर ८ मधील आर्टिस्ट व्हिलेज अवश्य पाहा. पारसिक टेकडीच्या पायथ्याशी कोरियांनीच १९८० च्या दशकात रचलेली ही वस्ती आहे. थोड्या घरांमध्ये मिळून एक अंगण, अशी तिची मांडणी आहे. अनेक घरांवर आता मजले चढले आहेत, पण कित्येक अंगणे टिकून आहेत. चाळीत राहिलेल्या माणसाला तिथे लवकर ओळखी होतील असे मला वाटते.

उलव्यातून

आम्ही सहा वर्षांपूर्वी येथे आलो. रस्ते रुंद आहेत, घरे मोठी आहेत आणि भाडे नेरूळपेक्षा बरेच कमी आहे. तरीही तुमच्या परिस्थितीत मी उलवे सुचवणार नाही. २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आणि जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत गाडी सुरू झाली, पण तिच्या फेऱ्या हार्बरसारख्या दर काही मिनिटांनी नाहीत. तुम्हाला नेरूळ किंवा बेलापूरला गाडी बदलावी लागेल, आणि ती चुकली तर तुमचे रात्रीचे आठ सहज नऊ होतील. नेरूळ-बेलापूरला महापालिकेच्या मोरबे धरणाचे पाणी येते. आमच्याकडे सिडको हेटवण्याचे पाणी देते, आणि आमच्या सोसायटीला उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात. माझ्या सासूबाई येथे रमल्या आहेत हे खरे, परंतु घरात दोन नातवंडे आहेत आणि ती दुपारी एक वाजता शाळेतून परततात.

नेरूळची आजी

मी ७१ वर्षांची आहे आणि नेरूळ पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहते. मुलीसारखी आहेस म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस. वर ज्यांनी लिहिले ते सगळे कामावर जाणारे आहेत. दिवसभर घरात असते ती मी.

शांततेचा मला कधी त्रास झाला नाही. त्रास झाला तो बंद दाराचा. चाळीत दार उघडे असते, म्हणून जाता-येता कोणीही ‘काय करताय?’ असे विचारते. इथे बेल वाजवायला कारण लागते, आणि कारणाशिवाय कोणाची बेल वाजवणे माझ्याच्याने होईना. पहिल्या पावसाळ्यात मी विरजण मागायच्या निमित्ताने तळमजल्यावरच्या वहिनींकडे गेले. घरात विरजण होते, तरीही गेले. दुसऱ्या दिवशी त्यांची वाटी परत करताना तिच्यात थोडी भाजणी घालून नेली, आणि तिथून आमचे जाणे-येणे सुरू झाले.

तुझ्या आईसाठी एक गोष्ट मनापासून सांगते. तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास चक्कर आली आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून खाली बसले. मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. समोर पाव फुटावर गॅसच्या सिलिंडरची कड दिसत होती आणि मी हाका मारत होते, पण आमच्या मजल्यावर तेव्हा कोणीच नव्हते. अर्ध्या तासाने कामाच्या मावशी आल्या, म्हणून निभावले. तेव्हापासून घराची एक किल्ली वहिनींकडे असते, मोबाइल कमरेच्या पिशवीत असतो आणि सकाळी दहाला आम्ही एकमेकींना फोन करतोच, बोलण्यासारखे काही नसले तरी.

महापालिकेची ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्रे आहेत. घर त्यांपैकी एखाद्याच्या चालत जाण्याच्या टप्प्यात घे. स्थानक पाच मिनिटे लांब पडले तरी चालेल, कारण ते अंतर तुझ्या पायांना झेपेल. मजला शक्यतो पहिला घे. आणि हो, हिवाळ्यापासून मेपर्यंत पाम बीच रस्त्याच्या बाजूच्या पाणथळीत फ्लेमिंगो उतरतात. माझ्या नेरूळच्या आनंदात त्यांचा वाटा मोठा आहे, तो मी सांगितल्याशिवाय राहणार नाही.

गिरगावची लेक

सर्वांचे मनापासून आभार. आजी, तुमचे उत्तर मी आईला मोठ्याने वाचून दाखवले. विरजणाच्या वाटीपाशी ती हसली आणि सिलिंडरच्या कडेपाशी गप्प झाली. बेलापूरकरांचे ‘उद्या बोलू’ मात्र माझ्यासाठी होते, ते मी पुन्हा एकटीने वाचले. उलव्याचा विचार सोडला आहे. येत्या बुधवारी रजा घेऊन आईसह नेरूळ आणि आर्टिस्ट व्हिलेज पाहायला येत आहोत, आणि मुद्दाम अकरा ते दोन याच वेळात येणार आहोत. नेरूळ पूर्वेला विरंगुळा केंद्राजवळ पहिल्या मजल्यापर्यंतचे घर भाड्याने देणारे कोणी माहितीचे असल्यास कृपया कळवावे. आजी, तुमची हरकत नसेल तर त्या दिवशी आईला तुम्हाला भेटायचे आहे.

नेरूळची आजी

जेवायलाच या. साडेबारापर्यंत पोहोचा, म्हणजे वहिनींनाही वर बोलावते.