मदत हवी आहे: संगणकावर एकही साइट उघडत नाही, आंब्याच्या विम्याचा फॉर्म अडलाय

कलमांचा_मालक
मंडळी, तातडीची मदत हवी आहे. संगणकावर काहीच उघडत नाहीये. काहीही टाकलं तरी लाल त्रिकोण येतो आणि कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून सांगतो. नेटचा प्रश्न नाही, त्याच वायफायवर मोबाइल धडाधड चालतोय. आंबा-काजूच्या विम्याचा फॉर्म भरायचाय, मुदत तोंडावर आलीय. पावसाच्या आधी हाच संगणक व्यवस्थित चालत होता, मध्ये कोणी हात लावलेला नाही. अँटिव्हायरस काढून बघितला, फरक नाही. 'फॉरमॅट मारा' हे कृपया कोणी सांगू नये. जरा लवकर सांगा.

खाडीपलीकडे
कुठला ब्राउझर? कुठली विंडोज? आणि त्या लाल त्रिकोणाखाली बारीक इंग्रजी अक्षरांत काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका. त्याशिवाय सगळे अंधारात तीर मारणार.

कलमांचा_मालक
ब्राउझर गूगल. साधाच, सगळ्यांकडे असतो तो.

मालवणी_खाजा
गूगल म्हणजे क्रोम आसतला. डीएनएस बदल मेल्या. ८.८.८.८ टाक, सगळा सुटता. माझ्या भावाच्या दुकानात असाच झाल्ला.

खाडीपलीकडे
खाजाभाऊ, डीएनएसचा इथे काय संबंध? ते तर नुसतं साइटचा पत्ता शोधून देतं. साइटचा पत्ताच सापडला नसता तर वेगळी पाटी आली असती. हे दारापर्यंत पोचतायत आणि प्रमाणपत्रावर अडतायत.

मालवणी_खाजा
भावाकडे सुटला ता सांगलय. तुमका पटना नाय तर रवांदे.

सातबारा_आठअ
विम्यासाठी सातबारा लागेल. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो, तलाठ्याच्या सहीची गरज नाही. आधी खात्यात पैसे भरून ठेवायचे, मग गाव आणि गट नंबर टाकायचा. बँकेतही चालतो. आठ-अ सुद्धा तसाच निघतो.

कलमांचा_मालक
सातबारा आहे माझ्याकडे. विचारलंय काय, सांगताय काय.

बिनतारी
काका, स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली तारीख काय दिसतेय?

कलमांचा_मालक
१ जानेवारी २००९. चुकीची आहे हे मलाही दिसतंय. पण तारीख बघायला मला संगणक लागत नाही, भिंतीवर कालनिर्णय आहे. मला साइट उघडायचीय.
आणि ती बारीक अक्षरं: नेट, दोन टिंबं, मग ईआरआर सर्ट डेट इनव्हॅलिड. वर 'युवर क्लॉक इज बिहाइंड' असंही आहे.

बिनतारी
मग काम झालं. तारीखच दुरुस्त करा. हल्ली बहुतेक प्रत्येक साइटला एक सुरक्षा प्रमाणपत्र असतं आणि त्यावर 'या दिवसापासून त्या दिवसापर्यंत' अशी मुदत असते. ब्राउझर ती मुदत तुमच्या संगणकाच्या घड्याळाशी ताडून बघतो. तुमचं घड्याळ २००९ मध्ये बसलंय. आजच्या साइटांची प्रमाणपत्रं तेव्हा निघालेलीच नव्हती, त्यामुळे त्याच्या लेखी सगळीच खोटी. घड्याळावर क्लिक करा, 'चेंज डेट अँड टाइम सेटिंग्ज', तारीख-वेळ घाला, टाइम झोन भारताचा आहे ना बघा, आणि क्रोम पूर्ण बंद करून परत उघडा.

एक विचारतो, पावसाळाभर प्लग काढून ठेवला होतात का?

कलमांचा_मालक
अर्थात काढला होता. विजा पडतात आमच्याकडे. शेजाऱ्यांचा राउटर आणि टीव्ही एका रात्रीत उडाले.

बिनतारी
तेच कारण. मदरबोर्डवर एक गोल चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. संगणक बंद असला तरी प्लग लावलेला आणि वीज चालू असेल तर आतल्या घड्याळाला मेनवरून करंट मिळतो आणि सेल आराम करतो. प्लग काढला की सगळा भार सेलवर. जुना सेल तीन-चार महिन्यांत टेकला असणार. आज हाताने तारीख घातलीत तरी परत प्लग काढलात की पुन्हा २००९.

सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो. बदलताना प्लग काढा, कॅबिनेटची बाजूची पत्री उघडा, सेलच्या कडेची छोटी क्लिप नखाने बाजूला सारा, सेल उसळून वर येतो. नवा बसवताना अधिकचं चिन्ह वरच्या बाजूला. क्लिपवर हिरवट-पांढरी पूड धरलेली असेल तर कोरड्या ब्रशने झाडून घ्या. खाऱ्या हवेत हे हमखास होतं.

जांभ्याचा_चिरा
विजांचं निघालंय म्हणून सांगतो. नुसता प्लग काढून भागत नाही, राउटरला येणारी वायरसुद्धा काढा. तांब्याची असेल तर वीज तिथूनही आत येते. आमच्याकडे सड्यावर सगळा जांभा, अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरून पावसाआधी पाणी ओतत बसतो, तरी अर्थिंग धड लागत नाही.

खाडीपलीकडे
फायबर असेल तर वायरीतून वीज यायची भीती नाही. ॲडॉप्टर मात्र काढायलाच हवा.

जांभ्याचा_चिरा
फायबर तुमच्याकडे अलिबागला. आमच्याकडे अजून खांब उभे करतायत.

कलमांचा_मालक
तारीख घातली. सगळं उघडलं. धन्यवाद.
पण आता नवीन भानगड. विम्याच्या साइटवर लॉगिन झालं, ओटीपी आला, गट नंबर, झाडांची संख्या, बँक खातं सगळं भरलं. शेवटी अर्ज तपासायचं पान येतं ते पांढरं फटक. वरची निळी पट्टी दिसते, खाली काही नाही. 'सबमिट'चं बटणच नाही. आता काय?

मालवणी_खाजा
आता तरी डीएनएस बदलतलस?

प्रिंटरवाला_चिपळूण
कंट्रोल, शिफ्ट, डिलीट एकत्र दाबा. 'ऑल टाइम' निवडा, कॅशे आणि कुकीज उडवा, म्हणजे ब्राउझरने साइटांचं साठवलेलं जुनं सामान. निम्म्या वेळा तेवढ्यानेच होतं. सेव्ह केलेले पासवर्ड हवे असतील तर त्याची खूण काढून मग उडवा, नाहीतर घरचे माझ्या नावाने खडे फोडतील.

खाडीपलीकडे
सगळं उडवायच्या आधी कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून इनकॉग्निटोत बघा की. तिथे चाललं तर कॅशेचा किंवा एक्स्टेन्शनचा दोष. तिथेही पांढरं आलं तर कॅशे उडवून उपयोग नाही. आणि विंडोज कुठली ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही. वरच्या तीन टिंबांत हेल्प, मग अबाउट गूगल क्रोम. तिथला आकडा सांगा.

कलमांचा_मालक
इनकॉग्निटोत पण पांढरंच. विंडोज ७. क्रोम १०९. वर एक पिवळी पट्टी येते की यापुढे अपडेट मिळणार नाहीत, ती मी फुली मारून बंद करतो. नेहमी येते, तिचा काही त्रास नाही.

खाडीपलीकडे
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. विंडोज ७ चा आधार, म्हणजे कंपनीचे अपडेट, १४ जानेवारी २०२० ला संपला. त्यावर चालणारा शेवटचा क्रोम १०९. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आला त्याला विंडोज १० लागते. म्हणजे तुमचा ब्राउझर २०२३ च्या सुरुवातीला जिथे होता तिथेच उभा आहे आणि साइटवाले पुढे गेलेत.

फायरफॉक्सच
क्रोम काढून टाका. फायरफॉक्स ११५ ईएसआर घाला, विंडोज ७ वर चालतो. क्रोमने सोडल्यावरही यांनी जुन्या विंडोजला सुरक्षेचे अपडेट देणं चालू ठेवलं. शिवाय प्रमाणपत्रांची स्वतःची यादी बाळगतो, विंडोजच्या जुन्या यादीवर अवलंबून राहत नाही. मी अनेकांना घालून दिलाय, एकाचीही तक्रार नाही.

बिनतारी
सुरक्षेसाठी बरोबर आहे, पण या पानासाठी उपयोग होईल असं वाटत नाही. ११५ सुद्धा २०२३ च्या जुलैचाच. अपडेट येतात ते भोकं बुजवायचे, नवीन सुविधा त्यात येत नाहीत.
काका, ते पांढरं पान उघडं असताना एफ १२ दाबा आणि 'कन्सोल'वर क्लिक करा. लाल ओळ असेल ती इथे लिहा.

फायरफॉक्सच
करून बघायच्या आधीच नाही म्हणायचं ही एक सवयच आहे इथे.

कलमांचा_मालक
फायरफॉक्स घातला. तिथे पण पांढरंच.
क्रोममधली लाल ओळ: 'प्रॉमिस डॉट विथरिझॉल्व्हर्स इज नॉट अ फंक्शन'. खाली फाइलचं नाव, त्यात पीडीएफ असं काहीतरी आहे.

बिनतारी
सापडलं. अर्जाची प्रत पानावर दाखवायला त्यांनी पीडीएफ.जेएस नावाची तयार फाइल वापरलीय, खूप साइटांवर असते. तिच्या नव्या आवृत्तीत जावास्क्रिप्टची ही सुविधा वापरलेली आहे. क्रोमला ती ११९ पासून कळते, फायरफॉक्सला १२१ पासून. तुमचे दोन्ही ब्राउझर त्याच्या आधीचे. न कळणारा शब्द आला की स्क्रिप्ट तिथेच थांबते, पुढचं काहीच काढलं जात नाही, तुमचं बटणसुद्धा. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही आणि कॅशे, कुकीज, डीएनएस कशानेही हे सुटणार नाही. पीडीएफ.जेएसची जुन्या ब्राउझरांसाठी वेगळी 'लेगसी' आवृत्ती मिळते. साइट बनवणाऱ्याने ती लावली असती तर हा धागाच निघाला नसता. खेड्यापाड्यातल्या लोकांसाठी फॉर्म काढायचा आणि तपासायचा मात्र स्वतःच्या नव्या लॅपटॉपवर.

जुगाडू_रेवदंडा
सुपरमियम घाला. क्रोमच्याच मूळ कोडवरून जुन्या विंडोजसाठी बनवलेला ब्राउझर आहे. एक्सपीवर पण चालतो. काम फत्ते.

खाडीपलीकडे
जिथे बँक खातं आणि आधार टाकायचंय तिथे असला बाहेरचा ब्राउझर मी तरी सुचवणार नाही. गाणी ऐकायला घाला हवा तर.

जुगाडू_रेवदंडा
आणि सहा वर्षं आधार नसलेल्या विंडोजवर आधार टाकलेला चालतो वाटतं?

पेंग्विनप्रेमी
सगळ्यांनी थांबा. लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी सिस्टीम, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. चार जीबीपेक्षा मोठा पेनड्राइव्ह घ्या, दुसऱ्या संगणकावर त्यात मिंट चढवा, आणि काकांच्या संगणकाला त्या पेनड्राइव्हवरून चालू करा. आत काही घालायचं नाही, विंडोज जागच्या जागी राहते. ताजा फायरफॉक्स त्यातच असतो. फॉर्म भरा, पेनड्राइव्ह काढा, विषय संपला. फुकट.

प्रिंटरवाला_चिपळूण
विषय संपला? रॅम किती आहे विचारलंत का? अशा जुन्या डब्यांत एक नाहीतर दोन जीबी असते. पेनड्राइव्हवरून मिंट उघडून त्यात ब्राउझर चालू केला की माउससुद्धा हलायचा नाही. आणि स्कॅनरचं काय? त्याचा ड्रायव्हर लिनक्सला मिळेलच असं नाही. मी रोज हेच करतो, मला विचारा. दोन-चार जीबी रॅम वाढवा, एसएसडी घाला आणि विंडोज १० टाका.

पेंग्विनप्रेमी
विंडोज १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे तुम्ही त्यांना पैसे खर्च करायला लावून पुन्हा त्याच खड्ड्यात बसवताय.

प्रिंटरवाला_चिपळूण
ताजा क्रोम त्यावर आजही चालतो. गिऱ्हाइकाला साइट उघडायची असते, तत्त्वज्ञान नको असतं.

कलमांचा_मालक
तुमचं चालू द्या. माझी रॅम दोन जीबी आहे. पेनड्राइव्ह बनवायला दुसरा संगणक कुठून आणू? मला हा फॉर्म आत्ता भरायचाय.

पोफळीची_सावली
दादा, मघाशी तुम्हीच लिहिलंत की मोबाइल धडाधड चालतो. मग मोबाइलवरच भरा ना! प्ले स्टोअरमध्ये जाऊन क्रोम अपडेट करून घ्या. मग साइट उघडून क्रोमच्या तीन टिंबांत 'डेस्कटॉप साइट'वर खूण करा. फोन आडवा धरा, नाहीतर उजवीकडची बटणं कापली जातात. मी आईच्या काजूंचा तसाच भरला. अर्ध्यावर फोन आला तर उचलू नका, पान परत पहिल्यापासून उघडतं.

कलमांचा_मालक
कागद सगळे संगणकात स्कॅन केलेले आहेत.

पोफळीची_सावली
चार्जरची केबल संगणकाला लावा, फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडा आणि 'डाउनलोड'मध्ये टाका. फॉर्ममध्ये फाइल निवडताना तिथेच सापडतील. फोन कुठला आहे? फार जुना अँड्रॉइड असेल तर क्रोम तिथेही अडतो, हे आधीच सांगून ठेवते.

कलमांचा_मालक
फोन मुलाने गणपतीत आणलेला, नवीन आहे. बघतो.

मालवणी_खाजा
ह्या आधी सुचला असता तर एवढा रामायण झाला नसता. माका वाटल्ला तुझो फोन साधो बटणांचो.

पेंग्विनप्रेमी
मोबाइल हा तात्पुरता उपाय झाला. संगणक तसाच राहिला. दोन जीबीवर मिंट चालत नसेल तर त्याहून हलक्या आवृत्त्या आहेत, मी नावं देतो.

प्रिंटरवाला_चिपळूण
द्या, द्या. आणि काकांच्या घरी जाऊन स्कॅनर पण चालू करून द्या.

कलमांचा_मालक
भरला. पावती डाउनलोड झाली, अर्ज क्रमांक मिळाला. पोफळीताई, आभारी आहे. बिनतारी, तुमचेही. सेल शृंगारतळीला गेलो की आणतो. विंडोज १० चं आंब्याचे पैसे आल्यावर बघू. तोवर या संगणकावर बँकेचं काही करणार नाही, हिशेब आणि स्कॅन तेवढं.

बिनतारी
तेवढ्याला चालेल. फायरफॉक्स ११५ ठेवा, क्रोम १०९ काढा. आलेल्या पावतीवर बँक खात्याचा नंबर आणि गट नंबर एकदा डोळ्याखालून घाला, मोबाइलवर बोट सरकून आकडा बदलतो.

फायरफॉक्सच
म्हणजे शेवटी फायरफॉक्सच.

आगरातली_विहीर
धागा वर आहे म्हणून इथेच विचारते. आमच्याकडे जुना आयपॅड आहे, सफारीत अर्ध्या साइट उघडत नाहीत. त्यात क्रोम टाकला तर चालेल का?

खाडीपलीकडे
ताई, आपल्याकडे आयपॅडवर कुठलाही ब्राउझर टाका, आतलं इंजिन सफारीचंच असतं, आणि ते आयपॅडच्या सिस्टीमबरोबरच अपडेट होतं. त्यामुळे क्रोमने फरक पडणार नाही. पण नवा धागा काढा, आणि सेटिंग्जमध्ये जनरल, अबाउटमध्ये आवृत्ती दिसते ती लिहा.

आगरातली_विहीर
तिथे ९.३.५ लिहिलंय. धागा कसा काढायचा?