भर जुलैत सोलापूरहून रत्नागिरीला बिऱ्हाड हलवावे का?

प्रश्न – भाकरीवाली

नमस्कार. माझे पती बँकेत नोकरीला आहेत. त्यांची सोलापूरहून रत्नागिरीला बदली झाली असून त्यांना १५ जुलैपर्यंत रुजू व्हायचे आहे. घरात आम्ही दोघे, सातवीतला मुलगा आणि दम्याचा त्रास असलेले सासरे आहोत. आमच्याकडे पावसाची वाट पाहायची असते, त्याची भीती बाळगायची नसते. पण सोलापुरात वर्षभरात पडतो त्याहून अधिक पाऊस रत्नागिरीत एकट्या जुलै महिन्यात पडतो हे कळल्यापासून मला धास्तीच बसली आहे.

सामानात प्लायवूडची दोन कपाटे, पुस्तकांचे सहा खोके, कापसाच्या चार गाद्या, डझनभर सोलापुरी चादरी आणि वर्षाची बेगमी म्हणून भरून ठेवलेली दीड क्विंटल मंगळवेढ्याची ज्वारी आहे. ताडपत्री घालून सगळे कोरडे पोहोचवतो, असे ट्रकवाला म्हणतो. सर्वांनी आताच जावे, की यांनी एकट्याने जाऊन आम्ही दसऱ्यानंतर निघावे? घर कसे निवडावे आणि मुलाच्या शाळेचे काय करावे?

उत्तर १ – घाटमाथा

मी मूळचा साखरप्याजवळचा असून नोकरीनिमित्त कोल्हापुरात राहतो, त्यामुळे आंबा घाट मला पाठ आहे. तुमचा ट्रक मिरज-कोल्हापूर-मलकापूरमार्गे येऊन याच घाटाने खाली उतरेल. एकूण अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे; त्यातला कोल्हापूरपर्यंतचा भाग सरळ आहे, खरी परीक्षा आंबा गाव सोडल्यावर सुरू होते. जुलै २०२१ मधल्या अतिवृष्टीत, म्हणजे चिपळूण बुडाले त्याच दिवसांत, या घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला आणि अवजड वाहने बरेच दिवस बंद राहिली. दरवर्षी असे घडत नाही, मात्र भरलेला ट्रक घाटाच्या तोंडाशी अडकला तर आतल्या गाद्यांचे काय होते ते मी पाहिलेले आहे.

आताच आणायचे असेल, तर हवामान खात्याचा लाल किंवा नारिंगी इशारा नसलेला दिवस निवडा आणि दुपारच्या आत घाट उतरता येईल अशा बेताने रात्रीच सोलापूर सोडा. घाटात धुके उतरले की समोरच्या गाडीचे दिवेही दिसत नाहीत. ताडपत्री एक नव्हे, दोन घालायला सांगा, कारण पाणी वरून जितके येते त्याहून अधिक फाळक्याच्या फटीतून आणि खालून आत शिरते.

उत्तर २ – पागोळी

मी गेली बावीस वर्षे रत्नागिरीत राहते आणि माझे मत थोडे वेगळे आहे. सामान आणण्यासाठी जुलै वाईट, पण घर निवडण्यासाठी याहून चांगला महिना नाही. आम्ही पहिले घर मे महिन्यात पाहिले तेव्हा भिंती खडखडीत कोरड्या होत्या आणि समुद्राचा वारा खिडकीतून थेट आत येत होता, त्या वाऱ्यावरच आम्ही भाळलो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच वाऱ्याबरोबर पाऊस आडवा येऊ लागला, पश्चिमेची भिंत आतून फुगली आणि एका रात्री स्विचबोर्डाच्या कडेने पाण्याची बारीक धार लागली. घरमालकांचे म्हणणे असे, की कोकणात एवढे चालायचेच.

म्हणून तुमच्या यजमानांनी आधी एकट्याने यावे, महिनाभर खोली घेऊन राहावे आणि दोन दिवस सलग पाऊस लागल्यावर घरे पाहावीत. भिंतीतल्या कपाटाचे दार उघडून आत वास घ्यावा, पश्चिमेच्या भिंतीवर तळहात टेकून पाहावा, खिडक्यांचे खालचे कोपरे आणि छताच्या कडा नीट न्याहाळाव्यात. भर जुलैत ताजा रंग दिलेले घर दाखवले, तर रंगाखाली काय आहे याची चौकशी करावी. गच्चीवर पत्रे घातलेली इमारत दिसायला ओबडधोबड असते, पण वरच्या मजल्यावर राहायचे तर तीच घ्यावी. पूर्वी पडवीला पश्चिमेकडून नारळाची झापे बांधत, आता निळे प्लास्टिक बांधतात. ज्या घराला असे काहीतरी बांधलेले दिसेल तिथे राहणाऱ्या माणसाला पावसाची जाण आहे, एवढे समजावे.

मांडवीचा समुद्र सुंदर आहे, पण खाऱ्या हवेने लोखंड गंजते. नाचणे किंवा कुवारबावच्या बाजूला पाहावे. भाडेकरार लेखी व नोंदणीकृतच असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. गळतीची दुरुस्ती कोणी करायची, हेही त्यातच लिहून घ्यावे.

उत्तर ३ – लातूरहून आलेला

मी स्वतः लातूरहून भर पावसात आलो आणि प्लायवूडचे कपाट घेऊन आलो, म्हणून लिहितो. ऑगस्टमध्ये त्याची दारे फुगून लागेनाशी झाली आणि मागच्या फळीवर हिरवट बुरशी धरली. लाकडी सामान आणि पुस्तके दसऱ्यापर्यंत तिकडेच ठेवा. जे आणाल ते भिंतीपासून निदान चार बोटे दूर ठेवा, म्हणजे मागे हवा खेळते.

कापसाच्या गाद्या आणूच नका. सोलापुरी चादरी दोनच आणा; एकदा धुतली की ती आठवडाभर वाळत नाही आणि मग तिला जो कुबट वास येतो तो ऊन पडेपर्यंत जात नाही. ज्वारीबद्दल मला विशेष कळकळ आहे. ओलसर हवेत पोत्याला सोंडकिडे लागायला वेळ लागत नाही, त्यामुळे दीड क्विंटल तिकडेच राहू द्या, दर खेपेला दहा किलो आणा, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि पीठ आठवड्यापुरतेच दळा. ओल्या हवेतले जुने पीठ भाकरी थापताना हातातच चिरते.

उत्तर ४ – फळाखडू

शाळेपुरते लिहितो. शिक्षणहक्क कायदा, २००९ नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी व अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. खासगी विनाअनुदानित शाळेत मात्र जागा आहे का, ते आधी विचारावे लागेल. दसऱ्यानंतर आणल्यास सहामाहीच्या वेळी शाळा बदलेल, तेव्हा दोन्हीकडचा अभ्यासक्रम एकच मंडळाचा आहे ना, एवढे पाहा.

भाकरीवाली

सर्वांचे मनापासून आभार. यांनी १२ तारखेला दोन बॅगा घेऊन पुढे जायचे ठरले आहे. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत जाऊ. सासऱ्यांचा मात्र आग्रह आहे की आपला मुलगा (म्हणजे हे) एकटा जेवणार नाही, म्हणून तेही आताच जाणार. त्यांना कसे समजवावे?

पागोळी

समजावू नका ताई, डॉक्टरांनाच सांगू द्या. बुरशीच्या हवेत दमा उसळतो आणि यजमानांची खोली कशी मिळेल याचा भरवसा नाही. घर कोरडे निघाले, तर गणपतीनंतर चार दिवस बोलावून घ्या. येताना त्यांच्याकडे ज्वारीचे दहा किलो द्या, म्हणजे रिकाम्या हाताने आल्यासारखे त्यांना वाटणार नाही.