क्लासिक ३५० चा आवाज फाटतोय, बॅफल सुचवा

सांगली_बुलेटवाला: मंडळी, २०१५ ची कार्बोरेटरवाली रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० सेकंडहँड घेतलीय. आधीच्या मालकाने बाजारातला शॉर्ट सायलेन्सर लावलेला, आत नुसती सरळ जाळीची नळी, आवाज दाबणारा आतला भाग म्हणजे बॅफल नाहीच. आयडलला ठोका मस्त आहे पण जरा ओढली की आवाज फाटतो आणि थ्रॉटल सोडला की फटाके. शेजारी तान्हं बाळ आहे त्यामुळे रात्री गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद करून ढकलत आणतो. ठोका पाहिजे, कर्कशपणा नको. कुठला बॅफल टाकू?

पाना_पक्कड: भावा, टोकाला नुसतं भोक बारीक करणारा छोटा बॅफल मिळतो तो अजिबात घेऊ नकोस, आवाज पत्र्याच्या डब्यासारखा होतो आणि वरच्या आरपीएमला गाडी गुदमरते. लांब घे, भोकाभोकाची नळी आणि वरून ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) गुंडाळलेलं. ग्लासवूल बारीक टोचणारा आवाज खातं, जड ठोका बराचसा राहतो. ऑर्डर करायच्या आधी सायलेन्सरच्या तोंडाचा आतला व्यास व्हर्नियरने मोज, बाहेरचा नाही, कारण ढिला बसला तर आयडललाच खडखडणार. बोल्टला स्प्रिंग वॉशर आणि थोडं कॉपर ग्रीस लाव, नाहीतर पुढच्या वेळी तापून गंजलेला बोल्ट निघायचा नाही, मान तुटते. एक राउंड मारून गाडी गार झाली की परत आवळ. आणि ग्लासवूलला उघडा हात लावू नकोस, फार खाजतं.

कोल्हापुरी_थंप: फटाके एकट्या बॅफलने जाणार नाहीत दादा. बेंड पाइप इंजिनच्या हेडला बसतो तिथली गॅस्केट (जॉइंट हवाबंद करणारी रिंग) बघ. गार इंजिन चालू करून लगेच जॉइंटवर साबणाचं पाणी टाक, बुडबुडे आले म्हणजे लीक, तिथून हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं. प्लगपण काढून बघ, पांढरा पडला असेल तर मिक्श्चर लीन आहे, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी; चॉकलेटी पाहिजे.

पुणे_रायडर: सगळं बरोबर, पण बॅफल टाकला म्हणून तो सायलेन्सर कायदेशीर होत नाही हे आधी लक्षात घे. १७५ सीसीच्या वरच्या नवीन गाडीला टेस्टमध्ये ८० डेसिबलची मर्यादा असते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, लायसन्सपण ३ महिने जातं. आमच्याकडे पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवलाय. जुन्या मालकाकडे कंपनीचा पडून असेल तर मागून घे. मनापासून सांगतो, बाळासाठी तोच बरा.

सांगली_बुलेटवाला: दादा पटलं. त्याला फोन केला, माळ्यावर आहे म्हणतोय, रविवारी आणतो. रोजच्या वापराला तोच लावणार. पण तोही आतून सडलेला निघाला तर?

पाना_पक्कड: हातात घेऊन हलव. आत काही खुळखुळलं तर बॅफल प्लेट सुटलीय, मग नवीन कंपनीचाच घे, वेल्डिंगवर पैसे घालवू नकोस. आणि बसवताना गॅस्केट नवीनच टाक, जुनी दाबून बसलेली असते, परत लीक होईल.