'लंब अंतर' म्हणजे उभं की दूरचं?

वणीकर: संगणकाच्या पडद्यावरची मोजपट्टी, म्हणजे एक सॉफ्टवेअर, मराठीत आणतोय. माऊस दाबून ओढला की तिथले पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे ठिपके, मोजून देते. आडव्या मापाला 'क्षितिजसमांतर अंतर', उभ्याला 'लंब अंतर' लिहिलं. खेड्यातल्या पोरांना दाखवलं. एकीनं तिरकी रेघ ओढली. आडवे ३००, उभे ४००, म्हणजे तिरकं ५००. रेघ किती लांब विचारलं, तर तिनं ४०० सांगितलं. "सर, लंब म्हणजे दूर ना?" तिला चूक कसं म्हणू? दुसरा शब्द सुचवा.

माहेर मोर्शी: बरोबरच आहे पोरीचं. "मावशीचं गाव लय लंब हाय" असंच म्हणतो आम्ही. सरळ 'उभं' आणि 'आडवं' लिहा. चौफुलीवरच्या (दोन्हीकडून सारख्या अंतरावर लावलेल्या) कपाशीत डवरणी, म्हणजे तण काढायची औतपाळी, उभी-आडवी होते, हे तिथल्या लेकरांना शिकवावं लागत नाही.

पुणेकर वाचक: हा अर्थ हिंदीतून आलेला. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतात तुम्ही विदर्भवाले. 'लंब' ही भूमितीतली संज्ञा आहे, बोलीसाठी ती सोडू नये.

माहेर मोर्शी: दादा, माझ्या आजीला हिंदीचं एक वाक्य येत नव्हतं. आणि तुमचा 'लांब' कुठून आला? त्याच 'लंब'मधून ना?

मिस्त्र्याचा मुलगा: लोंबणे, ओळंबा हेही त्याच घरातले. बाबा भिंतीला ओळंबा सोडायचे, तो थांबेपर्यंत आम्ही श्वास धरून उभे. पडद्यावरही शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं आणि उभा आकडा खाली उतरताना वाढतो. इतका नेमका शब्द घालवू नका जी. 'लंब' ठेवा, पोरांना ओळंबा दाखवा.

दारव्ह्याचा शेतकरी: मी तर 'अंतर'वरच अडलो. १० व्या पिक्सेलपासून १५ व्यापर्यंत अंतर ५. टोकं धरून ठिपके ६, नुसते मधले ४. तिफणीला (पेरायच्या औताला) फण ३ अन् अंतरं २, तसंच हे. तुमची पट्टी काय मोजते भाऊ?

वणीकर: ६ दाखवते. मग 'अंतर'ही चुकलंच म्हणायचं.

पुणेकर वाचक: 'रुंदी' आणि 'उंची' चालेल. बाकी तिफणीला आमच्याकडे पाभर म्हणतात. तिला चार फणही असतात.

माहेर मोर्शी: चार? अन् बी सोडायच्या चाड्याला चाडंच म्हणता ना?